काळी पाच ते काळी एक

आमच्या पेटीच्या डावीकडच्या सप्तकात काळी पाचवर, म्हणजे पाचव्या काळ्या पट्टीवर, लाल नेलपॉलिशचा एक ठिपका आहे. लेक साडेपाच वर्षांचा असताना मीच तो लावला होता. क्लासमध्ये गुरुजींनी बोट ठेवून 'याचा सा इथे' म्हणून दाखवलं होतं, घरी चुकायला नको म्हणून. दुसरा ठिपका काळी चारवर आहे, तो दहा वर्षांचा झाला तेव्हाचा. मग काळी तीन आणि काळी दोन कोऱ्या. तिसरा ठिपका एकदम खाली, काळी एकवर, निळ्या मार्करचा. तो त्याने स्वतः केलाय.

त्या दोन कोऱ्या पट्ट्यांमध्ये आमच्या घराचं जवळजवळ दीड वर्ष गेलं. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण आम्ही त्यातून जात होतो तेव्हा काय होतंय आणि काय करायचं हे मला धड कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांच्या घरी गाणारा मुलगा आहे आणि त्याला बारावं-तेरावं वर्ष लागलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आम्ही नाशिकला, इंदिरानगरला राहतो. नवरा सातपूरच्या एमआयडीसीत, मी एका पतसंस्थेत काउंटरला. घरात गाणारं कुणी नाही. सासऱ्यांना भजनाचा नाद होता, तेवढंच. झी मराठीवर 'सारेगमप लिटल चॅम्प्स'ची अंतिम फेरी झाली तो फेब्रुवारी २००९ चा महिना होता आणि लेक जेमतेम महिन्याचा. कार्तिकी गायकवाड जिंकली, पण आर्या, मुग्धा, प्रथमेश, रोहित धरून ती पाचही पोरं पंचरत्नं म्हणून महाराष्ट्राच्या घराघरांत पोचली. बाळाला मांडीवर घेऊन मी ती फेरी शेवटपर्यंत पाहिली. तेव्हा मनात काय आलं हे कुठल्याही आईला सांगायला नको.

त्याला सूर होता, हे माझं कौतुक नाही. तीन वर्षांचा असताना कुकरची शिट्टी ज्या सुरात वाजायची त्याच सुरात तो ओरडायचा. सहाव्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत अभंग म्हणाला. शेजारच्या मंडळाने बोलावलं, मग त्यांच्या शेजारच्याने. कोजागिरी, नवरात्र, पाडवा. एकदा कालिदास कलामंदिरात एका मोठ्या कार्यक्रमाआधी ईशस्तवन म्हणायला उभा राहिला तेव्हा माइकचा स्टँड त्याच्या उंचीला येईना, शेवटी कुणीतरी स्टूल आणलं. फ्लेक्सवर त्याच्या नावाआधी 'चिमुकला' लिहायला लागले. दोन हजारांपासून सुरू झालेलं मानधन २०१९ पर्यंत आठ-दहा हजारांवर गेलं.

कोरोनाने दोन वर्षं खाल्ली. २०२० आणि २०२१ च्या गणपतीत मंडपात माणसंच नव्हती, तर कार्यक्रम कुठले. तो अकरा-बारा वर्षांचा, आवाज अगदी लागलेला, आणि गातोय कुठे तर गच्चीवर माझ्या मोबाइलसमोर. २०२२ ला निर्बंध उठले आणि फोन सुरू झाले. गणपतीच्या दहा दिवसांत अकरा कार्यक्रम मी घेतले. गेलेली दोन वर्षं भरून काढायची घाई माझी होती. त्याने एकदाही 'आई, कार्यक्रम घे' म्हटलेलं मला आठवत नाही.

खरं तर त्या जूनपासूनच लक्षणं दिसत होती. सकाळी उठला की आवाज घोगरा. दिवसा बोलताना मध्येच एखादा शब्द जाड यायचा, पुढचा बारीक. गाताना तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या सा च्या, वर गेला की सुरात हवा शिरायची आणि सूर फाटायचा. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी घशाचा संसर्ग म्हणून दोनदा पाच-पाच दिवसांचं औषध दिलं. मी घरी ज्येष्ठमधाची कांडी, हळद-दूध, खडीसाखर-लवंग सगळं केलं. दही, चिंच, बर्फाचा गोळा बंद. बिचारा सगळं निमूटपणे करत होता.

जुलैत एका संध्याकाळी गुरुजींनी रियाज मध्येच थांबवला आणि मला आत बोलावलं. म्हणाले, "ताई, ही सर्दी नाही. याचा आवाज फुटतोय."

"किती दिवस चालेल?"

"वर्ष. दीड वर्ष. कुणाला दोनही लागतात."

"आणि गणपती?"

गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी पेटीचा भाता बंद केला आणि वरून कापड घातलं.

मी एकही कार्यक्रम रद्द केला नाही. पट्टी थोडी खाली घेऊ, वरच्या जागा टाळू, निभावून नेऊ, असं मी धरून चालले. पहिले तीन कार्यक्रम निभावलेही. चौथा एका कॉलनीच्या मंडळाचा होता. अभंगाच्या दुसऱ्या कडव्यात तार मध्यमावर, म्हणजे वरच्या म वर, जायचं होतं. सूर वर चढला, टोकाला पोचला आणि तिथून निसटून थेट खाली आला, एखाद्या मोठ्या माणसाने मध्येच हाक मारावी तसा जाड आवाज. पुढे सतरंजीवर बसलेली पोरं हसली. त्याने पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. आता मोठी माणसंही हसायला लागली. तिसऱ्यांदा त्याने ती ओळ खालच्या सप्तकात म्हटली. आमचे तबलजी काका साठीचे आहेत. त्यांनी त्या क्षणी तबल्यावर जलद लग्गी सुरू केली, इतकी जोरात की हसणं ऐकूच येईना, आणि अभंग संपेपर्यंत थांबले नाहीत. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी ते शाळेच्या पोरांच्या ग्रुपवर फिरलं. मंडळाने मानधन अर्धं दिलं. मी उरलेले सात कार्यक्रम रद्द केले, घेतलेले आगाऊ पैसे परत केले. दोघांनी फोनवर वाटेल ते सुनावलं. एकजण मात्र गोड आवाजात म्हणाला, "ताई, दोन महिने कसेतरी काढून न्या, डॉक्टरकडे गोळी-इंजेक्शन काहीतरी असतंच की." खरं सांगते, त्या रात्री मी खरोखर विचार करत बसले की असं काही असेल का. पोटच्या पोराबद्दल असा विचार माझ्या मनात येऊ शकला, हे मला अजून टोचतं.

नवरा म्हणाला, आधी घशाच्या डॉक्टरांना दाखवू. गंगापूर रोडवरच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली आणि समोरच्या पडद्यावर आम्हाला त्याचा गळा दाखवला. मी तोवर 'गळा' हा शब्द हजार वेळा वापरला होता, 'गळा छान आहे', 'गळा तयार आहे', पण तो असा पाहिला नव्हता. इंग्रजी व्ही उलटा ठेवावा तशा दोन पांढुरक्या पट्ट्या, ओलसर, हलणाऱ्या. श्वास घेतला की उघडत होत्या, 'ई' म्हटलं की जवळ येऊन थरथरत होत्या. कडेला लालसर झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "हा लाल रंग आजाराचा नाही, ओढाताणीचा आहे. वर पोचायला तो जोर लावतोय."

मग त्यांनी कागदावर काढून समजावलं. या वयात मुलांचं स्वरयंत्र झपाट्याने वाढतं, कंठमणी पुढे येतो तो त्यामुळेच. स्वरतंतू लांब होतात आणि जाडही होतात. मोठ्या पुरुषात त्यांची लांबी साधारण १७ ते २५ मिलिमीटर भरते, लहान मुलात त्याच्या निम्म्या-पाऊणपट. लहान मुलाच्या बोलण्यात ते सेकंदाला अडीचशे-तीनशे वेळा थरथरतात, पुरुषाच्या बोलण्यात शंभर-सव्वाशे वेळा. म्हणजे आवाज जवळजवळ एक अख्खं सप्तक खाली येतो. मला ते तंबोऱ्यावरून पटकन कळलं. खर्जाची तार जाड असते म्हणून तर खोल बोलते. फक्त इथे तार बदलायचं काम चालू मैफलीत होत असतं आणि तार नवी झाली तरी ती आवळणाऱ्या स्नायूंना जुनीच सवय असते. मेंदू सांगतो 'इतकं ताण', स्नायू तेवढंच ताणतात आणि सूर भलतीकडेच लागतो. पोरगं बेसूर झालेलं नसतं. त्याचं जुनं माप नव्या गळ्याला लागू पडत नाही, एवढंच.

सूचना साध्याच होत्या. भरपूर पाणी, गरम पाण्याची वाफ, ओरडायचं नाही, सारखं खाकरायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानेही ताण येतो, हे मला नवीन होतं. जे सहज निघेल ते गुणगुणलं तर चालेल, वर जायला दामटायचं नाही. आणि काही मुलं लाजेने किंवा हट्टाने जुनाच बारीक आवाज धरून बसतात, मोठा आवाज येऊच देत नाहीत, तसं झालं तर आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्यांकडे पाठवू, असंही म्हणाले. इंजेक्शनचं मी विचारलंच. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "वाढ ही वाढ आहे, ताई. ती थांबवायची नसते."

घरी येताना रिक्षात तो म्हणाला, "आई, मला दिसलं ते. छान होतं." गेल्या दोन आठवड्यांतलं त्याचं ते सगळ्यात लांब वाक्य.

पुढे गुरुजींनी जे केलं ते मी अगदी जवळून पाहिलं. सगळ्यात आधी त्यांनी सा काढून घेतला. म्हणाले, "काही महिने याला पट्टी नाही. रोज सकाळी जिथे सहज लागेल तो त्या दिवसाचा सा." कधी काळी दोन, कधी पांढरी तीन, एखाद्या दिवशी कुठेच नाही. वीस मिनिटं खर्जात ओंकार, तोही हळू. बस. उरलेला वेळ तबला आणि पेटी. ताना म्हणायच्या नाहीत, बोटांवर मोजत मनातल्या मनात घ्यायच्या. तो डोळे मिटून बसायचा आणि फक्त बोटं हलायची. घरात इतकं शांत वाटायचं की मी मुद्दाम भांडी आपटायचे.

मला धीर नव्हता. एकदा मी क्लासबाहेर गुरुजींना म्हटलं की मुलाची ऐन उमेदीची वर्षं जातायत. त्यांनी मला बापूराव पलुस्करांचं सांगितलं. बापूराव म्हणजे गायक पंडित द. वि. पलुस्कर, जन्म आपल्या नाशिकचा, १९२१ चा. वडील विष्णु दिगंबर, ज्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि शेवटी नाशिकला आश्रम करून राहिले. १९३१ मध्ये वडील गेले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा. मग विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यासांनी त्याला घडवलं आणि चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात तो पहिल्यांदा मोठ्या सभेत गायला. १९५५ मध्ये चौतिसाव्या वर्षी गेले. "एवढं थोडं आयुष्य मिळालेला माणूस," गुरुजी म्हणाले, "तोही चौदापर्यंत थांबला. तुमचा सहाव्या वर्षापासून गातोय. घाई नक्की कुणाला आहे?" मला उत्तर देता आलं नाही.

नातेवाईकांचं वेगळंच. भेटेल तो विचारायचा, "काय मग, गाणं सोडलं का?" आणि लगेच उदाहरण द्यायचे लताबाई-आशाबाईंचं. त्या नाही का लहानपणापासून अखंड गात राहिल्या? आशाबाई तर १९४३ मध्ये दहाव्या वर्षी सिनेमासाठी गायल्या. खरंच आहे. पण मुलींचा आवाज बदलतो तो दोन-तीन सुरांनी, कुणाच्या लक्षातही येत नाही. कराचीत जन्मलेली नाझिया हसन १९८० मध्ये पंधराव्या वर्षी हिंदी सिनेमात गायली आणि रातोरात पॉपची राणी झाली. पुढच्या तिच्या रेकॉर्ड ऐका, तोच गळा ओळखू येतो. मुलाचं तसं नाही. मुलाचा आवाज जातो. जो परत येतो तो दुसरा असतो. हा फरक मला आधी ठाऊक असता तर मी लोकांची तोंडं बंद केली असती आणि माझंही.

याच काळात लेकाने कानाला हेडफोन लावले ते लावलेच. अभंग नाही, नाट्यगीत नाही, सगळं परदेशी. मला वाटलं, संपलं, गेलं पोरगं हातातून. एका रात्री मी भाकरी करत होते, तो ओट्याजवळ येऊन उभा राहिला आणि हेडफोन माझ्या कानाला लावले. एक कोवळा आवाज, पाठीमागे लोकांचा जल्लोष, माउथ ऑर्गन. मग त्याने दुसरं गाणं लावलं. भरलेला, मोठ्या मुलाचा आवाज.

"दोघं एकच आहेत," तो म्हणाला. "याचाही फुटला होता, आई."

तो स्टीव्ही वंडर होता. लेकाला त्याची सगळी हकीकत पाठ होती. नंतर मीही मिळेल ते वाचलं, आणि जे वाचलं ते मला कुणीतरी माझ्याचसाठी लिहून ठेवल्यासारखं वाटलं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १३ मे १९५० ला दिवस भरायच्या आधी जन्मलेलं मूल. काचेच्या पेटीत ठेवलं, तिथे प्राणवायू जास्त झाला आणि दृष्टी गेली. अकराव्या वर्षी डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीने त्याला करारात घेतलं आणि नाव ठेवलं 'लिटल स्टीव्ही वंडर'. लिटल म्हणजे आपलं 'चिमुकला'च की. शिकागोच्या थिएटरात लोकांसमोर वाजवलेलं 'फिंगरटिप्स' १९६३ मध्ये अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता.

आणि मग त्याचा आवाज फुटला. पुढची गाणी चालेनात. कंपनीत, याला सोडून द्यावं का, अशी बोलणी झाली. सिल्व्हिया मॉय नावाची तिथली एक गीतकार त्याच्या पाठीशी उभी राहिली. १९६४ मध्ये नावातलं 'लिटल' गळालं. तो मिशिगनच्या अंधशाळेत पियानो शिकत होता, वाजवत होता, लिहीत होता. १९६५ च्या अखेरीस सिल्व्हिया मॉय आणि हेन्री कॉस्बी यांच्यासोबत केलेलं 'अपटाइट' आलं, नव्या आवाजात, आणि ते तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. 'फिंगरटिप्स' आणि 'अपटाइट' यांच्यामध्ये दोन वर्षांहून जास्त काळ आहे. माझ्या लेकाने ते दोन वर्षांचं अंतर बोटांवर मोजलं होतं. मी त्याला 'थांब, येईल आवाज' असं शंभरदा म्हटलं होतं, त्याने काही झालं नव्हतं. ही दोन गाणी लागोपाठ ऐकून त्याला ते पटलं होतं.

मला मात्र त्या हकीकतीत आणखी दोन गोष्टी सापडल्या. एक पैशाची. लहानपणी कमावलेला स्टीव्हीचा पैसा विश्वस्तांकडे ठेवलेला होता. १९७१ मध्ये एकविसावं लागलं, जुना करार संपला, तो पैसा हातात आला. आपल्या गाण्यांवर आपला ताबा राहील अशा अटी घालून त्याने नवा करार केला आणि मग जे अल्बम केले त्यांतल्या तिघांना १९७४, १९७५ आणि १९७७ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. वाचलं आणि माझा हात थांबला. आमच्या लेकाचं मानधन कुठे गेलं होतं? थोडं पेटीला, कपड्यांना, गाडीभाड्याला. बाकीचं घराच्या हप्त्यात. कुणी चैन केली नव्हती, पण त्याच्या नावावर एक रुपया नव्हता. आणि मी रोज दिवसभर लोकांच्या मुदतठेवीच्या पावत्या फाडते! आपल्याकडे २०१७ पासून बालकलाकारांसाठी नियम आहे की कमाईतली किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदतठेवीत ठेवायची, ती त्याला सज्ञान झाल्यावर मिळते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, हेही त्यातच आहे. गल्लीतल्या मंडळाच्या कार्यक्रमाला हे कोण विचारतो, कुणीच नाही. पण आईने विचारायला काय हरकत होती? आम्ही नवरा-बायकोने जुन्या डायऱ्या काढून बेरीज केली, वीस टक्के नव्हे, निम्मी रक्कम काढली आणि त्याच्या नावाने ठेवली. तीन वेळा थोडी थोडी करून ठेवावी लागली.

दुसरी गोष्ट त्याच्या आईची. लूला हार्डवे. मुलाच्या काही गाण्यांवर गीतकार म्हणून तिचंही नाव आहे. १९७० चं 'साइन्ड, सील्ड, डिलिव्हर्ड' हे त्यातलंच. मुलगा गात असताना ती नुसती कडेला उभी नव्हती, त्याच्या कामात बसली होती. हे वाचलं त्याच आठवड्यात मायकेल जॅक्सनचंही वाचलं. भावांबरोबरच्या त्याच्या गाण्याने १९७० च्या जानेवारीत पहिला क्रमांक गाठला तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. वडिलांच्या शिस्तीत आणि मारात वाढलेला. १९९३ मध्ये टीव्हीवर त्याने स्वतः सांगितलं की वडिलांना नुसतं पाहून कधी कधी पोटात ढवळून यायचं. इतका मोठा कलाकार, चौतीस वर्षांचा, आणि हे बोलताना लहान मुलासारखा दिसतो. मी ते पाहिलं आणि मोबाइल पालथा ठेवला. मी लेकाला कधी मारलं नाही. पण कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी माझा आवाज ऐकून त्याचं जेवण कमी व्हायचं, हे मला तेव्हाही दिसत होतं.

२०२३ चा गणपती आला. ज्या कॉलनीत तो फसला होता तिथेच त्या वर्षी आठ वर्षांचा एक नवा मुलगा गाणार होता. फ्लेक्सवर 'चिमुकला'. मी तो रस्ता टाळून दुसरीकडून जायला लागले होते. त्या दिवशी लेक म्हणाला, "आई, मला ऐकायला जायचंय." मी नको म्हटलं, तरी गेला, मग मीही मागोमाग. मागच्या रांगेत उभा राहून त्याने पूर्ण कार्यक्रम ऐकला. तबल्याला तेच काका. मुलगा खरंच गोड गायला. लेकाने टाळ्या वाजवल्या. परतीच्या वाटेवर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्याची काळी पाच आहे." आणि थोडं पुढे गेल्यावर, "त्याच्या आईला कुणीतरी सांगायला पाहिजे."

मी सांगितलं. पुढच्या आठवड्यात ओळख काढून त्या बाईंना भेटले. त्यांना ते आवडलं नसावं. हळदीकुंकवाला भेटलो तेव्हा त्या नुसत्या हसल्या. पण मी सांगितलं.

जानेवारी २०२४ मध्ये, संक्रांतीच्या आसपास, गुरुजींनी एका सकाळी काही न बोलता तंबोरा काळी एकला लावला. गेले दोन-तीन महिने त्याचा सा रोज तिथेच येऊन थांबत होता, ते त्यांनी मनात धरून ठेवलं होतं. म्हणाले, "आज भैरव. फक्त आलाप." मी बाहेरच्या पायरीवर चपलांजवळ बसले होते. आतून आवाज आला तो मला ओळखू आला नाही. खरंच नाही आला. क्षणभर वाटलं, गुरुजींचे कुणी मोठे शिष्य आले असावेत. मग एका जागी तो कोमल रिषभावर जसा हलला, तसा तो सहाव्या वर्षापासून हलायचा. तेवढ्यावरून ओळखला.

मला आनंद झाला, पण आनंद एकटा आला नाही. जुना आवाज आता परत कधीच ऐकू येणार नाही, हे त्या पायरीवर मला पहिल्यांदा नीट कळलं. घरातलं कुणी गेल्यावर होतं तसं काहीतरी झालं. त्यानंतर बरेच दिवस दुपारी घरी कुणी नसताना मी त्याचे जुने व्हिडिओ लावून ऐकायचे. लेकाला ते कळलं. तो चिडला नाही. म्हणाला, "ऐक, पण माझ्यासमोर पण ऐक." आता आम्ही कधी कधी बरोबर ऐकतो. तो हसून चुका दाखवतो, मला एकही चूक दिसत नाही.

नवा आवाज जुन्याइतका चमकदार नाही. वरच्या जागांना अजून कष्ट पडतात. तो टीव्हीवर जाईल की नाही मला माहीत नाही आणि आता मी विचारतही नाही. शास्त्रीय चालू आहे, पण जीव पॉपमध्ये आहे. दोन मित्र आणि एक जुना लॅपटॉप, तिघांनी मिळून मराठीत स्वतःची गाणी करायला घेतलीत. यूट्यूबच्या चॅनेलचा पासवर्ड माझ्याकडे होता, तो मी एका कागदावर लिहून त्याच्या हातात दिला. पहिलं काम त्याने काय केलं, तर नावातलं 'चिमुकला' काढलं. जुने व्हिडिओ मात्र ठेवले.

गेल्या महिन्यात रात्री अकराला मी झोपायच्या तयारीत होते. तो दारात आला, हातात वही.

"आई, गोदेवरचं आहे. संध्याकाळी सगळे दिवे सोडून निघून गेल्यावर घाटावर जे उरतं ना, त्याला काय म्हणायचं? दोन अक्षरी पाहिजे. शेवट त वर."

मी उठून बसले. गोदेच्या पाण्यात सोडलेले द्रोण डोळ्यांसमोर आणले, विझलेले, कडेला लागलेले, तेलाचा वास येणारे.

"वात," मी म्हटलं.

त्याने ते लिहून घेतलं, दोनदा गुणगुणून पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, "बसतंय. आता पुढची ओळ सांग."